दोन हजारांवर फायलींतील ओळी मोजताना तीन वेगळी उत्तरे का येतात?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन कशाविषयी आहे ते स्पष्ट राहील. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावांमधून जमवलेल्या झाडीबोलीच्या शब्दांच्या हस्तलिखित वह्या आपण नागपुरात तीन टंकलेखकांकडून टंकित करून घेतल्या आहेत. वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांची एक टेक्स्ट फाइल, आणि एका ओळीवर एक शब्द व त्याचा अर्थ, अशी रचना आहे. पहिल्या टंकलेखकाच्या फोल्डरात ७७२, दुसऱ्याच्या ७७५ आणि तिसऱ्याच्या ७७१, अशा एकूण २,३१८ फायली आपल्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) संगणकावर आहेत. मोबदला ओळीमागे दोन रुपये ठरला आहे. आपण डब्ल्यूसी ही ओळी मोजणारी आज्ञा चालवली तेव्हा बेरीज १,८६,४१२ आली, ऑक ही मजकूर नोंदीनोंदीने वाचणारी आज्ञा चालवली तेव्हा १,८७,९५८ आली, आणि फायली शोधणारी फाइंड व ती यादी डब्ल्यूसीकडे सोपवणारी एक्सआर्ग्ज यांची साखळी लावली तेव्हा शेवटच्या ओळीवर केवळ ७१,०३० दिसले. शिवाय तिसऱ्या टंकलेखकाची एक फाइल आपण डोळ्यांनी मोजली तर ८० ओळी भरल्या, पण डब्ल्यूसीने ९३ सांगितल्या. यांपैकी खरा आकडा कोणता, असे आपण विचारले आहे.

खरा आकडा या तिन्हींपैकी एकही नाही. तरीही तिन्ही आज्ञांनी आपापले काम बिनचूक केले आहे. कोणती आज्ञा वापरावी हा प्रश्न दुय्यम आहे. आपण ओळ कशाला म्हणतो आणि ती आज्ञा ओळ कशाला म्हणते, या दोन गोष्टी जुळतात का हा मूळ प्रश्न आहे. पुढे आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकावी लागतील.

डब्ल्यूसी ही फार जुनी आज्ञा आहे. लिनक्स ज्या युनिक्स प्रणालीच्या धर्तीवर बनले, तिच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ती आहे. तिला ‘-एल’ हा पर्याय दिला की ती ओळी मोजते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती नव्या ओळीच्या खुणा मोजते, म्हणजे एंटर दाबल्यावर फायलीत जो १० या मूल्याचा एक बाइट लिहिला जातो तो किती वेळा आला एवढेच पाहते. युनिक्सच्या जगात ओळीची व्याख्याच तशी आहे: शून्य किंवा अधिक अक्षरे, आणि त्यांच्या शेवटी नव्या ओळीची खूण. ज्या मजकुराच्या शेवटी ही खूण नाही तो मजकूर, त्या व्याख्येनुसार, अपूर्ण ओळ ठरतो आणि डब्ल्यूसीच्या मोजणीत येत नाही. ऑक मात्र फाइल संपली की हातातली नोंद पूर्ण झाली असे मानते आणि ती अपूर्ण ओळही मोजते. अनेक फायली एकापाठोपाठ दिल्या तरी प्रत्येक फायलीच्या शेवटी ती असेच करते.

आता आपल्या दोन आकड्यांतील फरक काढून पाहा. १,८७,९५८ मधून १,८६,४१२ वजा केले की १,५४६ उरतात, आणि दुसऱ्या फोल्डरातील ७७५ व तिसऱ्यातील ७७१ यांची बेरीज नेमकी १,५४६ होते. दोन मोजण्यांतला फरक फायलींच्या संख्येइतका किंवा एखाद्या फोल्डरातील फायलींच्या संख्येइतका आला, तर शेवटच्या ओळीकडे पाहावे, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. पहिला टंकलेखक बहुधा लिनक्सवरील संपादकात काम करत असावा, कारण व्हीआय, नॅनो यांसारखे संपादक फाइल जतन करताना शेवटची खूण स्वतःहून घालतात. विंडोजवरील नोटपॅड तसे करत नाही. टंकलेखकाने शेवटचा अर्थ लिहून एंटर न दाबता फाइल जतन केली की खूण राहून जाते. त्यात दुसऱ्या टंकलेखकाची काहीही चूक नाही. त्याने शेवटचा शब्द टंकित केलेला आहे, आणि डब्ल्यूसीच्या आकड्यावर मोबदला दिला तर त्याच्या ७७५ ओळींचे १,५५० रुपये बुडतील.

तिसऱ्या फोल्डराचे कारण वेगळे आहे, आणि ८० च्या ९३ ओळी कशा झाल्या त्याचे उत्तरही तिथेच आहे. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मराठी मजकूर जतन करताना ‘युनिकोड’ हा पर्याय सहज निवडला जाई, आणि त्या पर्यायाचा प्रत्यक्ष अर्थ यूटीएफ-१६ असा होता. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या दोन संकेतपद्धती आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांत बसते आणि त्या तिन्ही बाइटांची मूल्ये १२७ च्या वर असतात. त्यामुळे नव्या ओळीच्या खुणेशी त्यांची गल्लत होऊच शकत नाही. यूटीएफ-१६ मध्ये मात्र प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत लिहिले जाते, आणि त्यांतला एखादा बाइट कोणत्याही मूल्याचा असू शकतो. युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी वर्णमालेतील अ हे चिन्ह षोडशमान पद्धतीने ०९०५ या स्थानावर आहे. पुढे आ, इ, ई, उ असे मोजत गेले की सहाव्या, म्हणजे ऊ या स्वराच्या दोन बाइटांपैकी एकाचे मूल्य नेमके १० येते. डब्ल्यूसीला अक्षरांशी कर्तव्य नाही. तिला १० या मूल्याचा बाइट दिसला की ती एक ओळ मोजते.

याचा परिणाम असा की यूटीएफ-१६ मधील मराठी मजकुरात जितक्या वेळा स्वतंत्र ऊ येईल तितक्या ओळी फुकट वाढतात. ‘सूर्य’ या शब्दातील दीर्घ उकाराने असे होत नाही, कारण उकाराच्या मात्रेचे स्थान वेगळे आहे. पण ऊन, ऊस, भाऊ, देऊळ, घेऊन, जेऊन या प्रत्येक शब्दाने एक ओळ वाढते, आणि शब्दसंग्रहात अर्थ सांगताना ‘घेऊन जाणे’, ‘जाऊन येणे’ अशी रूपे पावलोपावली येतात. आपल्या त्या ८० ओळींच्या फायलीत स्वतंत्र ऊ शोधून पाहा. फायलीच्या शेवटी एंटर दाबलेला असेल तर ते १३ भरतील अशी माझी खात्री आहे. हे मी आवर्जून विस्ताराने लिहिले, कारण इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ही अडचण सापडत नाही. ती आपल्या लिपीची आहे आणि आपल्यालाच ती ठाऊक असली पाहिजे. ऑकच्या मोजणीत या फोल्डरातील प्रत्येक फाइल आणखी एकाने का वाढली, तेही यातूनच कळते. अशा फायलीत एंटरच्या खुणेनंतर जोडीचा दुसरा बाइट उरतो, आणि ऑक त्या एकाकी बाइटालाही अपूर्ण ओळ समजते. म्हणून टंकलेखकाने शेवटी एंटर दाबला असो वा नसो, फरक एकाचाच पडतो.

राहिला ७१,०३० हा आकडा. एका आज्ञेला एका वेळी किती लांबीची यादी द्यायची याला मर्यादा असते, म्हणून एक्सआर्ग्ज फायलींच्या यादीचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यासाठी डब्ल्यूसी नव्याने चालवते. लिनक्सवरील नेहमीच्या एक्सआर्ग्जमध्ये ही मर्यादा साधारण १२८ किलोबाइटांची असते. आपली फाइलनावे ‘साकोली_वही_०४_पान_११-१२’ अशी देवनागरीत आणि लांब आहेत. एकेका चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने फोल्डरासह एक नाव नव्वद-शंभर बाइटांपर्यंत जाते, आणि चौदाशेच्या आसपास फायली झाल्या की पहिला तुकडा संपतो. प्रत्येक तुकड्याची बेरीज स्वतंत्र छापली जाते. आपण टेल लावून फक्त शेवटची ओळ पाहिली, म्हणजे शेवटच्या आठ-नऊशे फायलींचीच बेरीज पाहिली. इथे संगणक कोणतीही तक्रार करत नाही, म्हणून हा दोष मला सर्वांत धोक्याचा वाटतो. शंभर फायलींवर तपासून पाहिलेली साखळी तिथे बरोबर उत्तर देते, आणि फायली वाढल्या की एके दिवशी तीच साखळी चुकीचा आकडा त्याच विश्वासाने छापते.

या सगळ्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. विदर्भातील एका जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदी एकत्र करण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. कापसाच्या हंगामात दररोजची एक फाइल तयार होत असे. पहिल्या ओळीवर तारखेचे शीर्षक आणि खाली त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गाडीची एक ओळ. काट्याची प्रणाली प्रत्येक नोंदीच्या आधी नवी ओळ घेत असे, नोंदीनंतर घेत नसे, हे मला ठाऊक नव्हते. मी १६३ दिवसांच्या फायली कॅट या आज्ञेने जोडल्या आणि शीर्षकाच्या ओळी गाळण्यासाठी ‘तारीख’ हा शब्द असलेल्या सर्व ओळी काढून टाकल्या. कॅट फायली जोडताना मधे काहीही घालत नाही. त्यामुळे प्रत्येक दिवसाच्या शेवटच्या गाडीच्या ओळीला दुसऱ्या दिवसाचे शीर्षक चिकटले होते, आणि शीर्षकाबरोबर ती गाडीही गळाली. ओळींच्या संख्येवरून मला काही कळले नाही, कारण ज्या साधनाने जोडले त्याच्याच भरवशावर मी मोजले होते. एका शेतकऱ्याने पावती घेऊन येऊन आपली गाडी यादीत नाही असे सांगितले तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. सायंकाळी उशिरा काट्यावर पोहोचलेल्या १६२ गाड्या माझ्या यादीतून नाहीशा झाल्या होत्या. तेव्हापासून मोजणी ही मी कधीही किरकोळ बाब मानलेली नाही.

आता आपल्या कामासाठी मी कोणत्या क्रमाने जाईन ते सांगतो. मूळ फोल्डरांची प्रत काढावी आणि सर्व काम प्रतीवरच करावे. मग फाइल याच नावाची जी आज्ञा आहे ती तिन्ही फोल्डरांवर चालवून प्रत्येक फायलीची संकेतपद्धती पाहावी. यूटीएफ-१६ असे उत्तर जिथे येईल त्या सर्व फायली आयकॉन्व्ह या आज्ञेने यूटीएफ-८ मध्ये आणाव्यात. उगमाची पद्धत सांगताना नुसते यूटीएफ-१६ लिहावे; त्याला ‘एलई’ जोडू नये, नाहीतर फायलीच्या आरंभी असलेली बाइटक्रमाची खूण मजकुरात शिल्लक राहते. रूपांतरित मजकूर नव्या फोल्डरात लिहावा. ज्या फायलीतून वाचतो तिच्यातच लिहिण्याचा निर्देश दिला, तर वाचन सुरू होण्यापूर्वीच ती रिकामी होते, आणि एका टंकलेखकाचे दोन पानांचे श्रम त्या क्षणी नष्ट होतात. रूपांतर पुरे झाले की यूटीएफ-१६ ची जुनी फोल्डरप्रत बाजूला हलवावी, म्हणजे तीच पाने दोनदा मोजली जाणार नाहीत.

त्यानंतर मोजणीसाठी मी पुढील आज्ञा वापरीन:

फाइंड . -टाइप एफ -नेम '*.टीएक्सटी' -एक्झेक ग्रेप -सी -एच '' {} +

यातील सी छोटा आणि एच मोठा आहे. ग्रेप ही दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी आज्ञा आहे. तिला रिकामा नमुना दिला की तो प्रत्येक ओळीशी जुळतो, ‘-सी’ जुळलेल्या ओळींची संख्या देतो आणि ‘-एच’ प्रत्येक संख्येपुढे फायलीचे नाव लिहायला लावतो. ही निवड मी दोन कारणांनी करतो. ग्रेप शेवटची अपूर्ण ओळही मोजते, त्यामुळे दुसऱ्या टंकलेखकावर अन्याय होत नाही. शिवाय ग्रेप बेरीज कधीच छापत नाही. म्हणून यादीचे कितीही तुकडे झाले तरी मधेच एखादी फसवी बेरीज येऊन बसत नाही. नमुन्याभोवतीची अवतरणचिन्हे विसरू नयेत, नाहीतर फाइंडपर्यंत पोहोचण्याआधीच शेल, म्हणजे टर्मिनलवरील आज्ञा वाचणारा कार्यक्रम, त्या तारकाचिन्हाच्या जागी जुळणारी फाइलनावे घालते. फाइलनावांत मोकळी जागा असली तरी या रचनेत काही बिघडत नाही. नुसत्या एक्सआर्ग्जमध्ये नाव तिथेच तुटले असते. काही फायलींचे टीएक्सटी मोठ्या अक्षरांत असेल तर ‘-नेम’ऐवजी ‘-आयनेम’ लिहावे. यूटीएफ-१६ च्या फायलींवर मात्र ग्रेप चालवू नये. रूपांतर आधी, मोजणी नंतर.

या आज्ञेचे उत्तर एका फायलीत साठवावे, पण ती फाइल मोजल्या जाणाऱ्या फोल्डरांच्या बाहेर ठेवावी. तिचे नावही टीएक्सटीने संपत असेल आणि ती आतच असेल, तर मोजणी स्वतःलाही मोजते, आणि तो एक आकडा कुठून आला हे शोधण्यात तास जातो. साठवलेल्या यादीची बेरीज ऑककडून करून घ्यावी: विभाजक म्हणून अपूर्णविराम द्यावा आणि प्रत्येक ओळीवरील शेवटच्या रकान्याची बेरीज मागावी. शेवटचाच रकाना का, तर एखाद्या फायलीच्या नावातही अपूर्णविराम असू शकतो.

बेरजेपेक्षा ही फाइलवार यादी मला अधिक मोलाची वाटते. ती संख्येच्या क्रमाने लावून वरच्या वीस आणि खालच्या वीस ओळी मी नेहमी डोळ्यांखालून घालतो. वहीच्या दोन पानांत साधारण ८० शब्द मावत असतील आणि एखाद्या फायलीत ४ ओळी दिसत असतील, तर ती अर्धवट जतन झाली आहे किंवा तिच्यात ओळी तोडण्याची दुसरीच पद्धत वापरली आहे. ३०० दिसत असतील तर तीच पाने पुन्हा पुन्हा चिकटवली आहेत किंवा प्रत्येक शब्दानंतर रिकाम्या ओळी सोडल्या आहेत. एकच मोठी बेरीज पाहिली तर यातले काहीही दिसत नाही.

काही गोष्टी आपल्या ठरावावर अवलंबून आहेत, आणि त्या मी आपल्या वतीने ठरवू शकत नाही. प्रत्येक फायलीच्या पहिल्या ओळीवर गावाचे नाव आणि पानक्रमांक असेल, तर शब्दांची संख्या ओळींपेक्षा २,३१८ ने कमी येईल. त्या ओळीचा मोबदला द्यायचा की नाही हे आधी बोललेले असले पाहिजे. लांब अर्थ दोन ओळींत लिहिताना टंकलेखकाने मधे एंटर दाबला असेल, तर एका नोंदीच्या दोन ओळी होतात. शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये सर्वांनी टॅब वापरला असेल तर टॅब असलेल्या ओळीच मोजाव्यात. हा आकडा नोंदींच्या खऱ्या संख्येच्या अधिक जवळ जाईल. नोटपॅडमधील लांब ओळ खिडकीच्या कडेला आपोआप वळलेली दिसते, तिच्यामुळे मात्र मोजणीत फरक पडत नाही, कारण फायलीत तिथे कोणतीही खूण लिहिली जात नाही.

रिकाम्या ओळी वगळायच्या असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. नुसता टिंब हा नमुना देऊन रिकाम्या नसलेल्या ओळी मोजण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु विंडोजवर तयार झालेल्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीच्या खुणेआधी कॅरेज रिटर्न हे आणखी एक चिन्ह असते. आपल्याला रिकामी दिसणारी ओळ लिनक्सवरील ग्रेपला त्या चिन्हामुळे भरलेली वाटते. म्हणून टिंबाऐवजी ‘मोकळी जागा सोडून दुसरे कोणतेही चिन्ह’ असा अर्थ होणारा वर्ग वापरावा. स्पेस नावाच्या वर्गात कॅरेज रिटर्नही धरलेले असते. टंकलेखकांपैकी कोणी आपापल्या विंडोजवर पॉवरशेलमधील मेझर-ऑब्जेक्ट वापरून पडताळणी करत असेल, तर त्याला सांगावे की तेथील ‘-लाइन’ हा पर्याय रिकाम्या ओळी मोजतच नाही, म्हणून त्याचा आणि आपला आकडा न जुळणे शक्य आहे.

हे सगळे २,३१८ फायलींवर चालवण्याआधी एक छोटे फोल्डर करून त्यात आपल्या हाताने चार फायली घालाव्यात: एक शेवटी एंटर दाबलेली, एक न दाबलेली, एक पूर्ण रिकामी आणि एक यूटीएफ-१६ मध्ये जतन केलेली, जिच्यात ‘भाऊ’ हा शब्द तीनदा असेल. उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मगच आज्ञा चालवावी. अर्धा तास जाईल, पण आपली साखळी काय मोजते आणि काय मोजत नाही याविषयी मनात शंका उरणार नाही.

मोबदला देण्यापूर्वी फाइलवार यादीची प्रत तिघांनाही दाखवावी. ज्याने ज्या पानावर काम केले त्याला त्या पानाचा आकडा बरोबर आहे की नाही हे कोणत्याही आज्ञेपेक्षा लवकर कळते. तिसऱ्या टंकलेखकाचा आकडा रूपांतरानंतर बराच खाली येईल, तेव्हा आधीचा आकडा ऊ या अक्षरामुळे फुगला होता हे त्याला त्याचीच एखादी फाइल उघडून समजावून सांगावे. ती डोळ्यांनी मोजलेली फाइल आता ८० दाखवेल. ८१ दाखवली, तर टेलने तिच्या शेवटच्या दोन ओळी पाहाव्यात. एंटर एकदाऐवजी दोनदा दाबला गेलेला असेल.